बांधायला पैसा वरून येतो, चालवायला गावातून: एका नव्या सरपंचताईंना उत्तर

प्रश्न असा आला आहे: "लातूर शहरापासून नऊ-दहा किलोमीटरवर आमचं गाव. जुनं गावठाण, एक तांडा आणि हमरस्त्याच्या कडेनं गेल्या दहा वर्षांत उभी राहिलेली प्लॉटिंगची वस्ती, अशी आमची गट ग्रामपंचायत. थेट निवडणुकीतून मी पहिल्यांदाच सरपंच झाले आहे. निधी येतो असं सगळे म्हणतात, पण नळाला पाणी आठ दिवसांनी येतं, नाल्या तुंबलेल्या आहेत, कर्मचाऱ्यांचा पगार चार महिने थकला आहे. नेमकं अडतं कुठं आणि सुरुवात कुठून करू?"

ताई, ग्रामसेवक, मग ग्रामविकास अधिकारी आणि शेवटी विस्तार अधिकारी म्हणून माझी 31 वर्षांची नोकरी मराठवाड्यातल्या ग्रामपंचायतींत गेली. पहिली वर्षं धाराशिव आणि लातूरकडच्या सोयाबीन-तुरीच्या गावांत, शेवटची काही छत्रपती संभाजीनगरच्या वाळूज बाजूला, जिथं गाव कुठं संपतं आणि शहर कुठं सुरू होतं हे सांगता येत नाही. तुमच्या गावात ही दोन्ही चित्रं एकाच शिवारात आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

अडतं कुठं, ते आधी सांगतो. ग्रामपंचायतीला वरून येणारा जवळजवळ सगळा पैसा काहीतरी बांधण्यासाठी असतो. टाकी, रस्ता, नाली, सभागृह, पेव्हर ब्लॉक. बांधलेलं चालवायला, म्हणजे मोटरीचं वीजबिल, व्हॉल्व सोडणाऱ्याचा पगार, पाणी शुद्ध करायची टीसीएल पावडर, फुटलेल्या पाइपाचा जोड, यासाठी पैसा गावातूनच उभा करावा लागतो. तो उभा राहत नाही म्हणून नवी योजना दोन वर्षांत बंद पडते आणि मग तिच्यावर दुसरी योजना मागितली जाते. एकाच गावात तीन पिढ्यांच्या तीन टाक्या मी पाहिल्या आहेत. तिन्ही कोरड्या होत्या, आणि खाली बाया हातपंपावर रांगेत उभ्या होत्या. ते दृश्य माझ्या मनातून अजून गेलेलं नाही.

15 व्या वित्त आयोगाचा निधी पाहा. 2021 ते 2026 या काळात त्यातला 60 टक्के बंधित, म्हणजे ठरलेल्या कामांवरच खर्चायचा होता, त्यातला निम्मा पाण्यावर आणि निम्मा स्वच्छतेवर. उरलेला 40 टक्के अबंधित, पण त्यातूनही पगार आणि आस्थापनेचा खर्च करता येत नव्हता. मध्यंतरी रस्त्यावरच्या दिव्यांची आणि पाणीपुरवठ्याची थकलेली बिलं याच निधीतून भरायला सांगितलं गेलं, तेव्हा कितीतरी गावांचा विकास आराखडा वीजबिलात वाहून गेला. सरपंचांनी तेव्हा ओरड केली ती रास्तच होती. पण गावाची पाणीपट्टी नीट वसूल होत असती तर ही वेळच आली नसती, हेही मला त्यांना सांगावं लागलं.

आता थोडा हिशेब मांडू. आकडे मी समजुतीसाठी धरतो, तुम्ही तुमचे घाला. समजा गावात 600 नळजोडण्या आहेत आणि पाणीपट्टी वर्षाला 1,200 रुपये. मागणी झाली 7,20,000. वसुली 35 टक्के, म्हणजे हातात 2,52,000. दहा अश्वशक्तीची मोटर, म्हणजे साधारण साडेसात किलोवॉट, रोज आठ तास चालली तर महिन्याला 1,800 युनिट. सात रुपये दर धरला तर 12,600 रुपये महिना, 1,51,200 रुपये वर्ष. पाणी सोडणाऱ्याला 8,000 रुपये महिना दिले तर वर्षाचे 96,000. शिल्लक राहिले 4,800 रुपये. त्यात वर्षभराची टीसीएल, पाइपाची गळती आणि मोटर जळली तर रिवाइंडिंग. उन्हाळ्यात व्होल्टेज खाली गेलं की मोटर जळतेच. आठ दिवसांनी पाणी येण्याचं कारण बहुतेक गावांत या हिशेबात सापडतं.

म्हणून कार्यालयात गेल्यावर पहिल्यांदा नमुना 8 मागा. नमुना 8 म्हणजे कर आकारणीची नोंदवही, आणि नमुना 9 म्हणजे कराच्या मागणीची. दोन्ही समोर ठेवा आणि गल्लीत फिरा. स्लॅबचं दुमजली घर नोंदीत अजून मातीचं माळवद म्हणून दिसेल. रस्त्याच्या कडेची दहा दुकानं नोंदीतच नसतील. मंगल कार्यालय कुणाच्या तरी राहत्या घराच्या नावावर असेल. 2015 च्या अखेरीस नियम बदलून ग्रामपंचायतीची घरपट्टी भांडवली मूल्यावर आणली गेली. जमिनीचा दर, बांधकामाचा प्रकार, घराचं वय आणि वापर, या चार गोष्टींवर आता ती ठरते. दर चार वर्षांनी फेरआकारणी करायची असते. ती कागदावर होते, गल्लीत होत नाही. निवडणुकीच्या तोंडावर घरपट्टी वाढवायची हिंमत कोण करणार? तुमची निवडणूक आत्ताच झाली आहे, म्हणजे पहिलं वर्ष हीच योग्य वेळ. स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणाची मोजणी झाली असेल तर तो नकाशा आणि मिळकत पत्रिका सोबत घ्या. कोणतं घर केवढं यावर वाद घालायला जागा राहत नाही.

वसुलीबद्दल मराठवाड्यापुरतं एक सांगतो, कारण शासनाच्या परिपत्रकात ते सापडणार नाही. आपल्याकडे वसुलीची मोहीम मार्चमध्ये निघते, कारण आर्थिक वर्ष तेव्हा संपतं. पण शेतकऱ्याच्या हातात पैसा मार्चमध्ये नसतो. सोयाबीन ऑक्टोबर-नोव्हेंबरात विकलं जातं. दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीच्या टोळ्यांना उचल मिळते. तूर आणि हरभऱ्याचे पैसे फेब्रुवारीपर्यंत येतात, आणि मार्चमध्ये ते लग्नसराईत आणि सोसायटीच्या कर्जात जातात. मी एका गावात मागणीची बिलं नवरात्रात वाटायला लावली आणि दसऱ्यापासून दिवाळीनंतर पंधरा दिवसांपर्यंत रोज संध्याकाळी पारावर टेबल टाकून बसलो. त्या वर्षी मार्चमध्ये आम्हाला दारोदार फिरावं लागलं नाही. लोक कर बुडवतात असं आपण सरसकट म्हणतो. बऱ्याच घरांत तो चुकीच्या महिन्यात मागितला जातो, एवढंच झालेलं असतं.

आणि वसुलीची सुरुवात स्वतःच्या घरापासून करा. ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम 14 मध्ये स्पष्ट आहे, मागणीचं बिल मिळाल्यापासून तीन महिन्यांत कर न भरणारा सदस्य अपात्र ठरू शकतो. सरपंच, उपसरपंच आणि सगळे सदस्य यांच्या पावत्या फाडून झाल्या की त्यांची यादी सूचना फलकावर लावा. हे कुणाला हिणवायला करायचं नाही. पुढाऱ्यानं भरलं आहे की नाही याकडे गावाचं बारीक लक्ष असतं. ज्यांना खरोखर ऐपत असून भरायचं नाही त्यांच्यासाठी कलम 129 प्रमाणे नोटीस आणि जप्तीचा मार्ग आहे, आणि लोकअदालतीत प्रकरणं ठेवली की बरेच जण तडजोडीला येतात. मात्र थकबाकीदाराचा जन्म-मृत्यूचा दाखला अडवू नका. तो दाखला हा त्याचा हक्क आहे, आणि 2015 च्या लोकसेवा हक्क अधिनियमानं तो मुदतीत देणं तुमच्या कार्यालयावर बंधनकारक आहे. दाखला अडवून आलेला पैसा एकदाच येतो, तेढ मात्र पाच वर्षं राहते.

संभाजीनगरजवळचं पाटोदा तुम्ही ऐकलं असेल. सरपंच भास्करराव पेरे पाटलांच्या काळात तिथं कर भरणाऱ्या घराला दळण मोफत मिळू लागलं, शुद्ध पाणी मिळू लागलं. लोक तिथं जाऊन चक्की पाहून येतात आणि आपल्या गावात चक्की बसवतात. पण तिथं आधी कर भरला गेला आणि त्याच्या बदल्यात घराला रोज हाताला लागणारी गोष्ट मिळाली, हा क्रम महत्त्वाचा होता. तुमच्या गावात ती गोष्ट कदाचित ठरलेल्या वेळी येणारं पाणी असेल. आठ दिवसांवरून चार दिवसांवर आणा, वेळ फलकावर लिहा आणि ती पाळा. मग पाणीपट्टी वाढवायचा ठराव मांडा. आधी ठराव मांडला तर सभा उधळली जाईल.

पाण्याबद्दल आता मुळातून बोलू, कारण मराठवाड्यातल्या सरपंचाची निम्मी कारकीर्द पाण्यातच जाते. आपली जमीन काळी, पण खाली बेसाल्टचा कातळ. पाणी साठतं ते वरच्या झिजलेल्या थरात आणि कातळाच्या भेगांत. म्हणून जूनमध्ये कोरडी असलेली विहीर सप्टेंबरात तुडुंब दिसते आणि फेब्रुवारीत पुन्हा तळ दाखवते. जल जीवन मिशन 15 ऑगस्ट 2019 ला जाहीर झालं, माणशी रोज 55 लिटर हे माप धरून. नळ घरोघर आले. ज्या विहिरीवर ते अवलंबून आहेत ती मे महिन्यात किती तास चालते, हे फार थोड्या ठिकाणी मोजलं गेलं. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं. तेव्हा शहरातही नळ होते, पाणी नव्हतं.

तुमची नवी योजना अजून ताब्यात घेतलेली नसेल तर घाई करू नका. हस्तांतरणाच्या कागदावर सही करायची विनंती ठेकेदाराकडून आणि वरूनही होईल. सही होण्याआधी योजना उन्हाळ्यात चालवून दाखवायला सांगा. गावातल्या सगळ्यात उंच आणि सगळ्यात लांबच्या घरात, बहुधा ते तांड्यावरचं असेल, नळाखाली बादली ठेवा आणि भरायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून पाहा. पाइप जमिनीत किती खोल आहे ते दोन-चार ठिकाणी खणून पाहा. ग्राम पाणीपुरवठा व स्वच्छता समितीत निम्म्या महिला असणं अपेक्षित आहे. त्यांना या पाहणीला न्या, कारण पाण्याचा दाब कमी आहे हे त्या इंजिनिअरच्या आधी ओळखतात. माझ्या एका गावात सरपंचानं विश्वासानं सही केली आणि नंतर कळलं की तांड्याकडची पाइपलाइन टाकीपासून निघतच नव्हती, नकाशावर मात्र होती. तो सरपंच प्रामाणिक माणूस होता. लोकांनी त्यालाच चोर ठरवलं, आणि ते त्याच्या जिव्हारी लागलं.

उद्भवाच्या विहिरीला, म्हणजे योजनेचं पाणी जिथून येतं त्या विहिरीला, जपा. सार्वजनिक पाणीपुरवठ्याच्या उद्भवापासून 500 मीटरच्या आत परवानगीशिवाय नवी विहीर किंवा बोअर घेता येत नाही, असा कायदा 1993 पासून आहे. तरीही उसाला पाणी कमी पडलं की शेजारच्या मळ्यात रात्रीतून बोअरची गाडी येते. तक्रार द्यायला कुणी पुढं येत नाही, कारण मळेवाला भावकीतला असतो किंवा सदस्य असतो. इथं कायद्याआधी ग्रामसभा वापरा. विहिरीची खोली आणि पाण्याची पातळी दर पंधरा दिवसांनी मोजून पंचायतीच्या भिंतीवर तेलरंगानं लिहायला लावा. आकडा खाली जाताना सगळ्या गावाला दिसला की तोंड उघडायला बळ येतं. विहिरीच्या वरच्या अंगाला नाल्यातला गाळ काढून दोन-तीन ठिकाणी पाणी अडवा. रोजगार हमीची कल्पना 1972 च्या दुष्काळात याच राज्यात उभी राहिली, ती अशाच कामांसाठी.

टंचाईचं काम तीन टप्प्यांत चालतं: ऑक्टोबर ते डिसेंबर, जानेवारी ते मार्च, एप्रिल ते जून. टँकरचा किंवा खासगी विहीर अधिग्रहणाचा प्रस्ताव पाणी संपल्यावर पाठवला तर मंजुरी येईपर्यंत पंधरा-वीस दिवस लेकरांचे हाल होतात. तुमच्या गावाचं नाव त्या त्या टप्प्याच्या आराखड्यात आधी आहे का, ते दिवाळीतच पाहून घ्या.

शुद्धीकरणाबद्दल थोडक्यात. टीसीएलच्या ताज्या पावडरीत 33 टक्क्यांच्या आसपास क्लोरीन असतं, पोतं उघडं राहिलं की ते उडून जातं. हजार लिटरला पाच ग्रॅम हे प्रमाण ताज्या पावडरीचं आहे. जलसुरक्षकानं रोज ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यात क्लोरीन उरलं आहे का याची तपासणी, करावी, आणि ती टाकीजवळच्या नळाला न करता शेवटच्या घरी करावी. वर्षातून दोनदा स्रोतांचं स्वच्छता सर्वेक्षण होतं. तुमच्या गावाला लाल कार्ड, म्हणजे पाण्याला धोका असल्याचा शेरा, मिळालं असेल तर ते लपवून न ठेवता सभेत वाचून दाखवा. 2025 च्या सप्टेंबरात धाराशिव, बीड, लातूर, नांदेडकडे पूर आला तेव्हा विहिरीत गाळ-घाण गेली. ज्या गावांत टीसीएलचा साठा आणि ते टाकणारा माणूस तयार होता तिथं पाणी लवकर पिण्याजोगं झालं. आपल्याकडे आता एकाच वर्षात टँकर आणि पूर दोन्ही येतात, हे धरून चला.

आता रस्त्याकडेच्या प्लॉटिंगकडे वळतो. इथं तुमच्यासमोर सगळ्यात मोठं काम आहे, आणि शिकवायला कुणी नाही.

ग्रामपंचायतीला वित्त आयोगाचा निधी मुख्यतः लोकसंख्येवर मिळतो, आणि ती लोकसंख्या 2011 च्या जनगणनेची धरली गेली. 2021 ची जनगणना झालीच नाही. शिवारात राहणारा माणूस दुप्पट झाला असला तरी कागदावर गाव 2011 चंच राहिलं. म्हणजे शहराजवळची गावं निम्म्या लोकांच्या पैशात सगळ्यांचा कचरा, नाल्या आणि दिवे सांभाळतात. वाळूज औद्योगिक वसाहतीच्या आसपासच्या ग्रामपंचायतींत मी हे रोज पाहिलं. भाड्याच्या खोल्यांत राहणारे कामगार हजारोंनी, त्यांची मतं त्यांच्या मूळ गावी, आणि सांडपाणी आमच्या गल्लीत. त्या माणसांचा दोष काहीच नाही. तेही पोटासाठी आपलं गाव सोडून आलेले, बरेचसे मराठवाड्यातलेच. पण त्यांच्या वाट्याचा पैसा त्यांच्यासोबत आला नाही. नवी जनगणना होईल तेव्हा प्रगणकाला तुमच्या प्लॉटिंगमधली एकही खोली सुटू देऊ नका. स्वतः सोबत माणूस द्या. तुमच्या पुढच्या सरपंचाला दहा वर्षं त्याच संख्येवर भागवायचं आहे.

दुसरं, नमुना 8 चा दबाव. शेतजमिनीचे गुंठे पाडून विकलेले असतात, अकृषिक परवानगी नाही, मंजूर रेखांकन (लेआउट) नाही. घेणारा बिचारा आयुष्याची कमाई घालून बसलेला असतो. बँकेला किंवा वीजजोडणीला कागद लागतो म्हणून तो नमुना 8 ला नाव लावायला येतो. त्याच्यामागे विकणारा उभा असतो, आणि विकणारा बहुधा गावातला वजनदार असतो. तुम्ही हे नीट समजून घ्या: बांधकाम उभं असेल तर त्यावर कर आकारता येतो, पण त्या नोंदीनं बांधकाम कायदेशीर होत नाही आणि नमुना 8 हा मालकीचा पुरावा नाही. तसा शेरा नोंदीवर आणि उताऱ्यावर लिहून द्या. रिकाम्या, बेकायदा प्लॉटला मात्र नोंद देऊ नका. नाहीतर तोच कागद दाखवून पुढचे पन्नास प्लॉट विकले जातात. 2001 चा गुंठेवारी कायदा आणि त्यातल्या 2021 च्या दुरुस्तीमुळे काही जुनी बांधकामं नियमित होऊ शकतात. तुमच्या भागाला ते लागू आहे का आणि अर्ज कुठं करायचा, ही माहिती तहसीलमधून घेऊन त्या रहिवाशांना द्या. त्यांना आजवर कुणी माणूस म्हणून माहितीच दिलेली नसते.

जी रेखांकनं मंजूर आहेत त्यांतले अंतर्गत रस्ते आणि खुली जागा ग्रामपंचायतीच्या नावावर झाली आहे का, ते सातबारावर पाहा. विकासक प्लॉट विकून निघून गेलेला असतो आणि खुल्या जागेवर दोन वर्षांत घर उभं राहतं. मग शाळेला, अंगणवाडीला, पाण्याच्या टाकीला जागाच उरत नाही. गावच्या गायरानाबाबतही हेच. गायरान एकदा गेलं की परत येत नाही. सदस्यानं किंवा त्याच्या कुटुंबानं सरकारी जागेवर अतिक्रमण केलं तर त्याचं सदस्यत्व जाऊ शकतं, हे सर्वोच्च न्यायालयानं 2018 मध्ये स्पष्ट केलं आहे.

प्लॉटिंगमधली माणसं ग्रामसभेला येत नाहीत अशी तुमची तक्रार असणारच. ती शहरात कामाला जातात, सभा असते दुपारी. एकदा रविवारी संध्याकाळी त्यांच्याच कॉलनीत बसा. सभा म्हणून नको, भेट म्हणून. मुद्दा एकच ठेवा, घंटागाडी. कचऱ्याची गाडी आली तर महिन्याला किती द्याल, असं विचारा. शहरात राहून आलेल्यांना सेवेचे पैसे देण्याची सवय असते, आणि माझा अनुभव असा की गावठाणापेक्षा ते लवकर भरतात. या भागात जमिनीचे व्यवहार जास्त होत असल्यानं मुद्रांक शुल्काच्या अनुदानातला ग्रामपंचायतीचा वाटाही बरा असतो. तो जिल्हा परिषदेकडून येतो आणि पाठपुरावा केल्याशिवाय येत नाही. किती वर्षांचा राहिला आहे, लेखी विचारा.

गाव महापालिकेत जाणार, अशी चर्चा अधूनमधून उठेल. संभाजीनगरच्या सातारा-देवळाईची आधी नगरपरिषद झाली आणि थोड्याच काळात ती महापालिकेत विलीन झाली. तालुक्याच्या बऱ्याच गावांच्या नगरपंचायती झाल्या तेव्हा लोकांना आनंद झाला, नंतर रोजगार हमीची कामं बंद झालेली पाहून मजुरांच्या डोळ्यांत पाणी आलं. ग्रामीण योजना थांबतात आणि शहरी सेवा लगेच येत नाहीत, मधली वर्षं कुणाचीच नसतात. उद्या विलीनीकरण झालंच तर ग्रामपंचायतीच्या मालमत्तांची नोंदवही पूर्ण असली पाहिजे. जागा, विहिरी, इमारती, मोटरी, सगळं त्यात असावं. ते काम आजच करून ठेवा.

माणसांविषयी सांगायचं राहिलं. ग्रामसेवक आणि ग्रामविकास अधिकारी ही पदं 2024 मध्ये एक करून ग्रामपंचायत अधिकारी असं नाव दिलं. नाव बदललं, पण एका माणसाकडे दोन-तीन गावं असणं बदललं नाही. मी स्वतः तीन गावं सांभाळली आहेत. तिन्ही गावांना वाटायचं मी दुसऱ्या गावात असतो, आणि मी बहुधा तालुक्याच्या बैठकीत असायचो. तुमच्या अधिकाऱ्याशी भांडण्याआधी त्यांच्यासोबत आठवड्याचे दोन वार नक्की करा आणि ते वार भिंतीवर लिहा. शिपाई, पाणी सोडणारा, सफाई करणारा यांचा थकलेला पगार मात्र तुमच्या पहिल्या मासिक सभेचा पहिला विषय असू द्या. शासनाच्या वेतन हिश्शाला करवसुलीची अट जोडलेली असल्यानं वसुली कमी झाली की मार आधी त्यांनाच बसतो. नाल्यात उतरणाऱ्या माणसाला चार महिने पैसे नाहीत आणि आपण स्वच्छतेच्या पुरस्काराची फाइल करतो, हे मला कधीच सहन झालं नाही.

तुमच्या डिजिटल सहीचं डोंगल तुमच्याच पर्समध्ये राहू द्या. पिन कुणाला सांगू नका, घरच्यांनाही. मी हे कठोरपणे लिहितो, कारण अनेक महिला सरपंचांची डोंगलं पतीच्या, दिराच्या किंवा ठेकेदाराच्या खिशात मी पाहिली आहेत. पैसा निघून गेल्यावर वसुलीची नोटीस त्या बाईच्या नावानं आली, ज्यांनी पैसा काढला त्यांच्या नावानं नाही. प्रत्येक देयकाआधी मोजमाप पुस्तिका, ठराव आणि कामाचा फोटो समोर मागा. "सही करा वहिनी, नंतर बघू" असं कुणी म्हणालं तर सही उद्या होईल असं सांगा. मागच्या लेखापरीक्षणातले आक्षेप आणि वसूलपात्र रकमा वाचून काढा. त्या तुमच्या नाहीत, पण त्यांत गावाच्या पैशाला गळती कुठून लागते ते दिसेल. थेट निवडून आल्यामुळे सदस्यांचं बहुमत कदाचित दुसऱ्या गटाचं असेल. अशा वेळी ठराव अडवले जातात. विरोधी सदस्यांच्या वॉर्डातलं एक काम आराखड्यात पहिल्या पाचांत घ्या, अडवाअडवी पुष्कळ सैल होते.

ग्रामसभा वर्षातून किमान चार घ्याव्या लागतात. गणपूर्ती म्हणजे मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यातला कमी आकडा. 26 जानेवारीला तांड्यावरची निम्मी घरं ऊसतोडीला गेलेली असतात, कुठं कुलूप लावून, कुठं म्हाताऱ्यांवर आणि शाळेतल्या लेकरांवर घर सोडून. त्यांच्या पाण्याचा, रस्त्याचा, घरकुलाचा निर्णय त्या सभेत घेऊ नका. 15 ऑगस्टला आणि 2 ऑक्टोबरला ती माणसं गावात असतात. आराखड्याची चर्चाही तेव्हाच होते. ऑगस्टमध्ये एक बैठक तांड्यावर घ्या, आणि महिलांची सभा मुख्य सभेआधी खरोखर बसवून घ्या. नुसतं रजिस्टर घरोघर फिरवून सह्या गोळा करू नका.

जाता जाता स्मशानभूमीचं. पावसाळ्यात चितेवर पत्रे धरून उभे राहिलेले लोक मी पाहिले आहेत, आणि एका वस्तीला प्रेत नेण्यासाठी वाटच नव्हती, ओढ्याच्या पाण्यातून न्यावं लागलं. तुमच्या गावात प्रत्येक समाजाला अंत्यविधीची जागा, शेड आणि तिथवर रस्ता आहे का, ते स्वतः चालत जाऊन पाहा. पहिल्या वर्षाच्या आराखड्यात सभागृह मागं ठेवावं लागलं तरी चालेल, हे आधी घ्या.

सुरुवात या आठवड्यात अशी करा. सोमवारी नमुना 8 आणि 9 घेऊन एका गल्लीत फिरा, एकाच. मंगळवारी मागच्या बारा महिन्यांची मोटरीची आणि दिव्यांची बिलं एका कागदावर उतरवा आणि शेजारी त्या त्या महिन्याची वसुली लिहा. बुधवारी पाणी सोडणाऱ्या माणसासोबत पहाटे विहिरीवर जा, दोरीला दगड बांधून पाण्याची पातळी मोजा, आणि तिथून शेवटच्या नळापर्यंत त्याच्यासोबत चाला. कोणता व्हॉल्व कुणाच्या सांगण्यावरून जास्त वेळ उघडा राहतो, हे त्याला माहीत असतं. आजवर त्याला ते कुणी विचारलेलं नसेल.